डीएनए चाचणी आली, एआय आलं, मग दात कोण बघणार?

एका बीडीएस इंटर्न मुलीने मला विचारलं आहे: “मॅडम, अहमदाबादच्या विमान अपघातानंतर घरचे म्हणतात, आता सगळं डीएनएवर चालतं, दात बघून माणूस ओळखायचे दिवस गेले. त्यात थ्रीडी स्कॅनर आले, एआय आलं. मला न्यायवैद्यक दंतशास्त्रात जायचंय. जाऊ की नको? आणि या नव्या तंत्रांनी तुमच्या कामात खरंच काय बदललं?”

घरचे म्हणतात त्यात तथ्य आहे, म्हणून आधी तेच घेते. १२ जून २०२५ ला अहमदाबादला जे विमान कोसळलं, त्यात २४२ जण होते. एक वाचला. जमिनीवरचे धरून २६० माणसं गेली, त्यांत मुंबई, डोंबिवली, पनवेलकडचेही होते. इंधनाने भरलेलं विमान पेटलं की चेहरा, कपडे, बोटांचे ठसे यांतलं फारसं हाती लागत नाही. बहुतेकांची ओळख डीएनएनेच पटली. रक्ताचे नमुने द्यायला उभे असलेले नातेवाईक टीव्हीवर दिसले, तुझ्या घरच्यांनी तेच पाहिलं. त्याच दिवसांत दंतवैद्यही तिथे जबडे तपासत होते. ते दिसलं नाही, आणि दाखवण्यासारखंही नसतं.

इंटरपोलच्या पद्धतीत ओळख पटवणारे मुख्य पुरावे तीन: बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. यांतला एक नीट जुळला तरी ओळख पक्की धरतात. गोंदण, जुन्या ऑपरेशनची खूण, अंगठी, खिशातलं आधार कार्ड हे सगळे दुय्यम. कार्ड दुय्यम का, हे मित्राचं जाकीट अंगात असलेला एक मृतदेह पाहिला की कायमचं कळतं.

तिघांत वरचढ कोण, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तुलनेला काय मिळतं यावर सगळं अवलंबून. डीएनएला नातेवाईक लागतो, दाताला दाताचा डॉक्टर लागतो. २००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडमध्ये परदेशी पर्यटकांची ओळख मोठ्या प्रमाणावर दातांवरून पटली, कारण त्यांच्या गावच्या दवाखान्यांनी तक्ते आणि एक्स-रे पाठवले. त्याच किनाऱ्यावर राहणाऱ्या लोकांचे दात काही कमी शाबूत नव्हते, पण त्यांचं रेकॉर्ड कुठेच नव्हतं. आपलंही तसंच आहे. मृताच्या तोंडात अख्खी पत्रिका असते, जुळवायला दुसरी पत्रिका नसते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत माझ्या कामात जे बदललं, ते मुख्यतः या दुसऱ्या पत्रिकेच्या बाबतीत. यंत्रं नंतर.

एक प्रकरण सांगते. गाव, वर्ष आणि ओळख पटेल असे तपशील मुद्दाम गाळले आहेत.

घाटात गाडी पेटली, आत दोघे सख्खे भाऊ. अंगकाठी सारखी, वयात दोन वर्षांचं अंतर. पोलिसांनी पंचनामा केला, जिल्हा रुग्णालयात पीएम, म्हणजे शवविच्छेदन झालं, डीएनएसाठी आईवडिलांचं रक्त घेतलं. आता विचार कर, तो अहवाल काय सांगणार? की दोघेही या जोडप्याचे मुलगे. हे तर सगळ्यांना माहीतच होतं. थोरला कोणता आणि धाकटा कोणता, हे आईवडिलांच्या रक्तावरून कळत नाही. त्यासाठी त्या त्या माणसाचा स्वतःचा नमुना लागतो, ब्रश किंवा दाढीचं सामान. दोघे नोकरीच्या गावी एकाच खोलीत राहायचे. बेसिनवर तीन ब्रश सापडले, त्यांतला कोणता कुणाचा हे कुणाला सांगता येईना. थोरल्याचं लग्न होऊन दोन वर्षं झालेली, मूल नव्हतं, म्हणजे तोही रस्ता बंद. आणि वहिनी दारात बसून एकच विचारत होत्या, “माझा माणूस यातला कोणता?” वडिलांना दोघांचंही दुःख सारखंच, त्यांनी “दोघांना एकत्रच अग्नी देऊ” म्हणून टाकलं होतं. त्या तयार नव्हत्या.

मला बोलावलं तेव्हा दोन्ही मृतदेहांचे ओठ उष्णतेने आकसून मागे गेलेले, पुढचे दात काळे पडलेले आणि तडकलेले. असे दात नुसत्या बोटाच्या धक्क्याने राख होतात. म्हणून पहिलं काम फोटोचं, दुसरं डिंकाचं. पांढरा गोंद पाण्यात पातळ करून ड्रॉपरने सोडायचा, वाळू द्यायचा, मग हात लावायचा. तेवढ्या वेळात ढकलाढकली करणाऱ्या कॉन्स्टेबलला चहाला पाठवायचं. मागच्या दाढा मात्र बऱ्या असतात. गाल आणि जीभ त्यांना बराच वेळ सांभाळतात, आणि इनॅमल तर वजनाने सुमारे ९६ टक्के खनिजच.

एकाच्या खालच्या उजव्या पहिल्या दाढेवर, आमच्या दोन अंकी क्रमांकांत ४६ वर, कॅप होती. वरचं सिरॅमिक उडालेलं, आतली धातूची टोपी जागेवर. हातात धरायच्या एक्स-रे यंत्राने तिथल्या तिथे चित्र घेतलं: रूट कॅनाल केलेलं, मागचं मूळ टोकाला वाकलेलं, आणि भरण त्या टोकाच्या किंचित बाहेर आलेलं. दुसऱ्याच्या सगळ्या दाढा कोऱ्या. वहिनी म्हणाल्या, ह्यांनी लग्नाआधी दाढेचं काही केलं होतं, कुठे ते ठाऊक नाही. शेवटी मित्रांकडून डॉक्टर सापडले. कागद नव्हता. संगणक बदलला होता, जुने डिजिटल एक्स-रे त्याबरोबर गेले. पण त्यांनी तेव्हा ते वाकलेलं मूळ पाहून एका मित्राला सल्ला विचारला होता, मॉनिटरचा मोबाइलने फोटो काढून, व्हॉट्सॲपवर. तो फोटो चॅटमध्ये तसाच पडून होता. स्क्रीनच्या लाटा-लाटा, कोपऱ्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, पण तेच मूळ, तोच बाक, टोकाबाहेर आलेला तोच ठिपका.

एवढ्यावर थोरल्याचं काम झालं असतं. पण मी दुसऱ्याकडूनही खात्री करते, वजाबाकीने ओळख लावत नाही. “हा थोरला, म्हणजे तो धाकटा” असं म्हणायला आत दोघेच होते हे सिद्ध असावं लागतं. धाकटा आयुष्यात दाताच्या डॉक्टरकडे गेला नव्हता. त्याच्या फोनचं काय झालं ते दिसतच होतं. मग बहिणीच्या फोनमध्ये थोरल्याच्या लग्नातले फोटो मिळाले, त्यात एक सेल्फी, धाकटा तोंडभर हसतोय, बाजूला वहिनी. त्याच्या वरच्या पटाशीतला बाजूचा दात फिरलेला, चौकटीतून दार अर्धं उघडं राहावं तसा. मृतदेहातही बाजूचा दात तसाच फिरलेला. फक्त मृतदेहात डावा, म्हणजे २२, आणि फोटोत उजवा.

त्या क्षणी पोटात गोळा आला, हे कबूल करते. मग वहिनींच्या नाकाकडे लक्ष गेलं. नथ उजव्या नाकपुडीत! पदर उजव्या खांद्यावर! पुढच्या कॅमेऱ्याने आरशासारखा उलटा फोटो साठवला होता. फोटो सुलटा केला, दात डावीकडे आला. तेव्हापासून सेल्फी हातात आली की मी आधी दात बघत नाही. नथ, पदर, शर्टाचा खिसा, मागच्या फलकावरची अक्षरं बघते. ही युक्ती कुठल्या पाठ्यपुस्तकात मला मिळाली नव्हती.

तर आपल्याकडे दातांच्या ओळखीत सगळ्यात मोठी क्रांती कुठल्या महागड्या यंत्राने केली नाही, मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने केली. ज्यांनी कधी दवाखान्याची पायरी चढली नाही, त्यांच्याही हसण्याचे फोटो कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये असतात. काम तसं सोपं: मृताच्या पुढच्या दातांचा शक्य तितक्या त्याच कोनातून फोटो किंवा थ्रीडी स्कॅन घ्यायचा, दातांच्या खालच्या कडांची रेषा आखायची आणि ती हसऱ्या फोटोवर ठेवून बघायची. दोन दातांतली फट, आडवा सुळा, तुटलेला कोपरा, नांदेड-यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडच्या पाण्याने पडलेले डाग, मिश्रीचा काळपट थर, सगळं उपयोगी पडतं. डाग आणि थर आधाराला, दाताचा आकार आणि ठेवण पुराव्याला.

पण सेल्फी लबाड असते. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत मधले दात मोठे आणि कडेचे लहान दिसतात, म्हणून मिलिमीटरची भाषा तिथे चालत नाही. ब्युटी फिल्टर दात पांढरे करतो, कडा गुळगुळीत करतो. व्हॉट्सॲपवरून चार वेळा फिरलेल्या फोटोत बारीक तपशील वाहून जातात. म्हणून नातेवाइकांना सांगायचं, फोटो पाठवू नका, फोन घेऊन या, किंवा मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीला प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या फाइलवरून निघणारा तिचा अंकी ठसा, हीसुद्धा द्यावी लागते. फोटो फॉरवर्ड होऊन दाबला गेला की हॅश बदलली, आणि उलटतपासणीत वकिलांना बसायला आयती खुर्ची मिळाली.

आता जुळवणीतली एक गोष्ट, जी कुठलंही सॉफ्टवेअर येण्याआधी शिकायला हवी. फरक दोन प्रकारचे असतात. रेकॉर्डमध्ये दाढ आहे आणि मृतदेहात नाही, हा फरक समजावता येतो, मधल्या काळात काढली असेल. रेकॉर्डमध्ये दाढ काढलेली आणि मृतदेहात ती हजर, हे समजावता येत नाही, काढलेली दाढ परत उगवत नाही. असा एक फरक मिळाला आणि रेकॉर्ड बरोबर असेल, तर बाकी वीस गोष्टी जुळल्या तरी तो माणूस तो नव्हे. ‘रेकॉर्ड बरोबर असेल तर’ हे चार शब्द फार महाग आहेत. घाईत ३६ च्या जागी ४६, म्हणजे डावीच्या जागी उजवी दाढ लिहिलेले तक्ते मी ढिगाने पाहिलेत. परदेशी राहणाऱ्या आपल्या लोकांचे कागद आले की वेगळीच गंमत. अमेरिकेत दातांना १ ते ३२ असे सरळ क्रमांक देतात. तिथला १४ म्हणजे वरची डावी पहिली दाढ, आपल्या दोन अंकी पद्धतीत ती २६. आणि आपला १४ म्हणजे वरची उजवी पहिली उपदाढ. कोणती पद्धत वापरली आहे हे कागदावर बघितलंच नाही, तर एक जिवंत चूक तयार झाली.

यंत्रांकडे येऊ. हातात धरायचं एक्स-रे यंत्र आणि लॅपटॉपला जोडलेला सेन्सर, या जोडीने शवागारातलं काम बदलून टाकलं. पूर्वी फिल्म धुवायची म्हणजे अंधारी खोली, आणि जबडा घेऊन फिरायचं म्हणजे नातेवाइकांच्या डोळ्यांसमोरून. आता मृतदेह जागचा हलत नाही. चित्र जुन्या एक्स-रेशी कोन जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा घेता येतं, आणि हा कोन जुळणं म्हणजे अर्धी ओळख.

दुसरं म्हणजे सीटी स्कॅन. शवाचं सीटी करायची पद्धत स्वित्झर्लंडमधून रुळली. दिल्लीच्या एम्समध्ये २०२१ मध्ये आभासी शवविच्छेदनाचं केंद्र सुरू झालं. जबडा आखडलेला असो वा जळून घट्ट मिटलेला, न कापता आतले दात, मुळं, सायनस सगळं दिसतं, आणि त्याच स्कॅनमधून ओपीजीसारखं, म्हणजे अख्ख्या जबड्याच्या एका एक्स-रेसारखं, सपाट चित्र काढून जुन्या ओपीजीशेजारी ठेवता येतं. घरच्यांना चिरफाड नको असते, त्यांच्यासाठीही हे बरं. अडचण एवढीच की चांदीचं भरण आणि धातूच्या कॅपा सीटीमध्ये सूर्यकिरणांसारखे पट्टे टाकतात. नेमकं जिथे ओळखीचं काम, तिथेच चित्र खराब. तालुक्याच्या ठिकाणी तर शवागारात चालू कूलर मिळणं हीच पहिली पायरी असते, सीटी लांबची गोष्ट.

तिसरं, तोंडात फिरवायचा थ्रीडी स्कॅनर. अलाइनर, इम्प्लांट, डिजिटल कॅप यांच्यामुळे शहरातल्या हजारो लोकांच्या तोंडाचा हुबेहूब थ्रीडी नमुना कुठल्या तरी सर्व्हरवर आहे, टाळूवरच्या वळ्यांसकट. या वळ्या माणसागणिक वेगळ्या असतात आणि गाल-जिभेच्या आड सुरक्षितही राहतात. मृताचा स्कॅन घेतला, दोन्ही एकमेकांवर बसवले, सॉफ्टवेअर सांगतं सरासरी अंतर किती. उपचारापूर्वीचा स्कॅन आणि मृत्यूसमयीचे दात यांत फरक पडणारच, कारण दात हलवायलाच तर अलाइनर घेतला होता! पण एकेक दाताचा आकार तोच राहतो, म्हणून दात सुटे करून जुळवायचे. खरा प्रश्न वेगळाच आहे. तो स्कॅन किती वर्षं ठेवला जाईल, कुणाकडे मागायचा, पोलिसांचं पत्र कुठल्या पत्त्यावर जाणार, याचं उत्तर दवाखान्यालाही बहुतेक वेळा माहीत नसतं. कागदाचं कार्ड निदान माळ्यावर सापडायचं.

एआयबद्दल तू मुद्दाम विचारलंस. मी वापरते, आणि घाबरत नाही. ओपीजीवर दातांना क्रमांक देणं, भरण-कॅप-इम्प्लांट ओळखून तक्ता भरणं, मोठ्या दुर्घटनेत शेकडो चित्रांतून जुळण्याची शक्यता असलेली मोजकी वर काढून देणं, ही कामं ते न दमता करतं. रात्री दोन वाजता चाळिसाव्या जबड्यावर माझी नजर थकते, त्याची थकत नाही. पण वर काढून दिलेल्या पाचांतला खरा कोणता, किंवा पाचही खोटे का, हे सांगणं आणि त्यावर सही करणं माणसाचं काम. कोर्टात मला विचारलं जातं, “डॉक्टर, हा निष्कर्ष कशावरून?” “यंत्र म्हणालं” हे उत्तर तिथे चालत नाही, आणि चालू नये.

वयाच्या बाबतीत तर फारच जपून. पोक्सोच्या किंवा बालगुन्हेगारीच्या प्रकरणात मूल अठराच्या आत की बाहेर, यावर सगळं फिरतं. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. म्हणजे आपला नंबर तिसरा. दातांच्या वाढीवरून वय काढायची सगळ्यात गाजलेली डेमिर्जियन यांची पद्धत १९७३ ची, आणि ती बसवली आहे फ्रेंच-कॅनेडियन मुलांवर. ती जशीच्या तशी आपल्या मुलांना लावली की गणित चुकतं. म्हणून धारवाडच्या डॉ. अशिथ आचार्य यांनी २०११ मध्ये भारतीयांसाठी वेगळी सूत्रं दिली. एआयचंही तेच आहे. कुठल्या मुलांचे एक्स-रे दाखवून त्याला शिकवलं, हे आधी विचारायचं. गडचिरोलीच्या मुलाचं वय दुसऱ्या खंडातल्या मुलांवर शिकलेल्या यंत्राने दशांश चिन्हासकट सांगितलं, तर त्या दशांशाला काय किंमत? अठराच्या आसपास हातात राहते ती अक्कलदाढ, जी काहींना येते, काहींना अर्धी येते, काहींच्या जबड्यात मुळीच नसते. मी अहवालात नेहमी पल्ला लिहिते, एक आकडा लिहीत नाही. सरकारी वकील वैतागतात, बचावाचे वकीलही वैतागतात. दोघेही वैतागले म्हणजे अहवाल बरा झाला असावा.

आता ज्या गोष्टीवर टीव्ही मालिकांचं सगळ्यात जास्त प्रेम आहे, ती: चावल्याच्या खुणा. इथे नव्या तंत्राने आम्हाला मोठं केलं नाही, लहान केलं, आणि ते योग्यच झालं. २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कार प्रकरणात डॉ. आचार्य यांनी दंतव्रणांचं विश्लेषण केलं होतं, आणि ५ मे २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डीएनए आणि मृत्यूपूर्व जबानीसारख्या पुराव्यांच्या जोडीने तेही विचारात घेतलं. त्यामुळे आपल्याकडे या शाखेचं नाव झालं. दुसरीकडे अमेरिकेत ॲरिझोनाचा रे क्रोन. १९९२ मध्ये मुख्यतः चावल्याच्या खुणेवरून दोषी ठरला, फाशीची शिक्षा झाली, आणि २००२ मध्ये डीएनएने निर्दोष सुटला. २००९ चा तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा अहवाल, २०१६ चा राष्ट्राध्यक्षांच्या सल्लागारांचा, आणि २०२३ चा एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा, या सगळ्यांनी जवळपास एकच सांगितलं: कातडीवरच्या खुणेवरून अमुकच माणसाने चावलं हे म्हणायला पुरेसा शास्त्रीय आधार नाही.

माझंही मत आता तेच आहे. थ्रीडी स्कॅनने संशयिताच्या दातांचं माप मिलिमीटरच्या अंशापर्यंत मिळतं, खरं आहे. पण शिंप्याने टेप कितीही बारीक आणली तरी कापडच ताणलं जाणारं असेल तर माप कशाचं घेणार? कातडी ताणते, सुजते, निळी पडते, जखम भरते, हात कोणत्या अवस्थेत होता त्यावर खुणेचा आकार बदलतो. म्हणून मी आज तीनच गोष्टी सांगते: खूण माणसाच्या दातांची वाटते का, लहानाच्या की मोठ्याच्या हे सांगता येतंय का, आणि कुणाला वगळता येतंय का. पण त्याच्याही आधी, कुणी धुवायच्या आत, तिथली लाळ टिपायची. एक ओला बोळा, त्यामागून एक कोरडा. त्या लाळेतला डीएनए जे सांगेल ते दातांच्या ठशाने कधी सांगितलं नसतं. इथे डीएनए जिंकला, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

उलट बाजूही आहे. जळलेल्या, कुजलेल्या मृतदेहात डीएनए काढायचा कुठून? पुष्कळदा दातातूनच. आतला मगज आणि मुळावरचं सिमेंटम यांना बाहेरचं कवच सांभाळतं. न किडलेली, न भरलेली दाढ ही प्रयोगशाळेची तिजोरी. ती निवडून देणं, उपटण्याआधी तिचा फोटो, एक्स-रे आणि तक्ता करून ठेवणं, हे दंतवैद्याचं काम. ते न करता दाढ काढून पाठवली की एक पुरावा वाचवताना दुसरा गेला. ‘रॅपिड डीएनए’ची छोटी यंत्रंही आता आहेत. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या पॅरडाइज गावच्या वणव्यात ८५ माणसं गेली, तेव्हा ती मोठ्या प्रमाणावर वापरली, काही तासांत डीएनएची प्रोफाइल तयार. आपल्याकडे १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर बस पेटून २५ जण गेले. डीएनए अहवालाला लागणारे दिवस थांबणं शक्य नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी बहुतेकांवर बुलढाण्यात एकत्रच अंत्यसंस्कार झाले. अशा वेळी दिवस आणि तास यांतला फरक काय असतो, ते वेगळं सांगायला नको. आता वाटतं, त्या प्रवाशांचे हसरे फोटो पहिल्या बारा तासांत मागवून बसायची व्यवस्था जिल्ह्यात असायला हवी होती. किती जुळले असते, सांगता येत नाही.

बाकी दोन तंत्रं नुसती ऐकून ठेव. १९५५ ते १९६३ च्या अणुचाचण्यांनी हवेत वाढलेला कार्बन-१४ त्या काळानंतर तयार झालेल्या इनॅमलमध्ये नोंदला जातो, त्यावरून जन्मवर्ष काढतात. सुंदर शास्त्र आहे, आपल्या रोजच्या कामाचं नाही. आणि इनॅमलमधल्या ॲमेलोजेनिन प्रथिनाच्या तुकड्यांवरून स्त्री की पुरुष हे कळतं, डीएनए संपलेला असला तरी. हे मात्र दहा वर्षांत रोजच्या कामाचं होईल असं मला वाटतं.

यायचं की नाही? गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात न्यायवैद्यक दंतशास्त्राची एमएससी आहे, धारवाडला एसडीएम दंत महाविद्यालयात वेगळा विभागच आहे. पण नुसत्या यावर घर चालेल या भरवशावर येऊ नकोस. आमच्यापैकी बहुतेक जण दिवसा शिकवतात किंवा दवाखाना चालवतात, आणि फोन आला की शवागारात जातात. कोर्टाच्या तारखा पडतात, साक्षीला दिवस मोडतो, भत्ता म्हणशील तर एसटीच्या तिकिटापुरता. उलटतपासणीत तुझा अनुभव, तुझी डिग्री, तुझं इंग्रजी, सगळ्यावर प्रश्न येतील. चालत असेल तर ये.

तोवर एक सवय लाव. ओपीडीत दिवसाला एका पेशंटचा तक्ता पूर्ण भर, ज्या दाढेसाठी तो आला फक्त तिचा नाही, बत्तीसच्या बत्तीस. फिरलेला दात, फट, तुटका कोपरा, सगळं. जिथे दात चांगला आहे तिथे ‘चांगला’ असं लिही, चौकट मोकळी सोडू नकोस. मोकळ्या चौकटीचा अर्थ दात निरोगी होता की बघितलाच नव्हता, हे दहा वर्षांनी मला कुणी सांगू शकत नाही. कवळी करून देशील तेव्हा पेशंटचं नाव कागदाच्या बारीक पट्टीवर लिहून मागच्या बाजूला पारदर्शक ॲक्रिलिकखाली बसव. आरएफआयडी चिपा बसवणारेही आहेत, पण कागदाची पट्टी फुकट होते आणि वाचायला यंत्र लागत नाही. वारीला जाणाऱ्या म्हाताऱ्यांना तर मी सांगूनच टाकते, नावाशिवाय कवळी मिळणार नाही.

पुढच्या महिन्यात एखाद्या शनिवारी ये. स्वतःचा ओपीजी काढून आण, आणि हसतानाचे फोनमधले पाच फोटो, फिल्टर न लावलेले. त्यांत निदान एक सेल्फी असू दे, उलटी कोणती ते तूच शोधायचंस.